यात्रामार्गावरचे दगड : आर्थर किंग्सली पोर्टर

इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करण्याचा कंटाळा कुणाला आलेला नाही? एखादे शिल्प इ. स. १०७५ च्या सुमारास कोरले गेले की त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी, याने आपले काय बिघडते, असा प्रश्न परीक्षेच्या आदल्या रात्री प्रत्येकाच्या मनात डोकावून जातो. परंतु याच साठ-सत्तर वर्षांच्या फरकापायी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर युरोप-अमेरिकेतील नामवंत कलापंडित एकमेकांसमोर उभे ठाकले होते. वादाचा विषय होता स्पेनमधील खेडोपाडीच्या जुन्या चर्चमधील आणि मठांमधील दगडी शिल्पे. आणि वाद पेटवणारा माणूस ना स्पेनचा होता, ना फ्रान्सचा. तो होता वकिलीची वाट सोडून दगडांच्या नादी लागलेला एक अमेरिकन. त्याचे नाव आर्थर किंग्सली पोर्टर.

पोर्टर यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८८३ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका श्रीमंत घराण्यात झाला. १९०४ साली येल विद्यापीठातून ते पदवीधर झाले. पुढे कायद्याचा अभ्यास करावा, वकील व्हावे, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे आखलेला होता. त्याच वर्षी ते युरोपच्या प्रवासाला गेले. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात कूतांस नावाचे एक गाव आहे. तेथील मध्ययुगीन कॅथीड्रलसमोर उभे असताना या तरुणाच्या मनाने असा काही कौल दिला, की वकिलीचा विचार तेथेच गळून पडला. परत येऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठात वास्तुविद्येचे शिक्षण घेतले; मात्र इमारती बांधण्याऐवजी बांधलेल्या इमारतींचा इतिहास शोधण्याचे काम पत्करले. १९०९ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, मध्ययुगीन वास्तुकलेवरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला.

घरची सुबत्ता हे पुष्कळांच्या बाबतीत आळसाचे निमित्त ठरते. पोर्टर यांच्या बाबतीत ती अभ्यासाची शिदोरी ठरली. १९१२ साली लूसी ब्रायंट वॉलेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि या दांपत्याचा संसार बव्हंशी प्रवासातच झाला. पुढे लूसीबाईंनी छायाचित्रणाचे तंत्र आत्मसात केले. पतीने टिपणे काढावीत आणि पत्नीने कॅमेरा लावावा, अशी कामाची वाटणी ठरून गेली. पोर्टर यांच्या ग्रंथांतील कितीतरी छायाचित्रे लूसीबाईंच्या हातची आहेत, ही गोष्ट त्यांचे चरित्र सांगताना विसरता येत नाही. उत्तर इटलीतील लोम्बार्डी भागातील वास्तूंवर पोर्टर यांनी १९१५ ते १९१७ या काळात बहुखंडी ग्रंथ सिद्ध केला. तेथेच त्यांची पद्धत पक्की झाली. शैलीवरून अंदाज बांधत बसण्याआधी दगडावर कोरलेला लेख वाचायचा, जुनी दानपत्रे तपासायची, आणि ज्या वास्तूची तारीख निश्चित आहे तिच्या आधाराने शेजारच्या अनिश्चित वास्तूची तारीख ठरवायची.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रेंच सरकारने युद्धक्षेत्रातील कलावस्तूंच्या रक्षणासाठी चालविलेल्या कामात पोर्टर यांना बोलावून घेतले. तोफांच्या माऱ्याने कोसळलेली चर्चे त्यांनी जवळून पाहिली. शतकानुशतके उभा असलेला दगड एका दिवसात मातीमोल होऊ शकतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला छायाचित्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. युद्ध संपल्यावर पोर्टर पतिपत्नी मोटारीतून फ्रान्स आणि स्पेनच्या आडवळणी रस्त्यांवर हिंडू लागली.

येथे थोडे थांबून, ती दोघे काय शोधीत होती ते पाहायला हवे. अकराव्या-बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात जी कला बहरली तिला रोमनेस्क असे नाव आहे. जाड भिंती, लहान खिडक्या, अर्धवर्तुळाकार कमानी ही तिची बाह्य खूण. रोमन साम्राज्य लयाला गेल्यावर पश्चिम युरोपात मोठ्या प्रमाणावर दगडी मूर्तिकाम करण्याची परंपरा कित्येक शतके जवळजवळ खंडित झाली होती. रोमनेस्क काळात ती पुन्हा जिवंत झाली. दारांच्या वरच्या अर्धवर्तुळाकार शिलापटांवर, खांबांच्या शीर्षांवर, छपराच्या कडेखालच्या दगडी टेकूंवर माणसे, पशू, पक्षी, राक्षस यांची गर्दी झाली. ज्या समाजात वाचता येणारी माणसे मूठभर होती, त्या समाजात हीच चित्रलिपी होती.

या शिल्पांचा एक मोठा प्रवाह एका यात्रामार्गाच्या काठाकाठाने दिसतो. स्पेनच्या वायव्य टोकाला सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे ख्रिस्ताचा शिष्य संत याकोब याचे थडगे आहे, अशी श्रद्धा नवव्या शतकापासून रूढ झाली. पुढे तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागली. फ्रान्समधून चार मार्ग निघत आणि पिरिनीज पर्वत ओलांडून स्पेनमधील पुएन्ते ला रेइना या गावी एकत्र येत. त्यापुढे एकच वाट फ्रोमिस्ता, साहागून, लेओन अशी गावे घेत पश्चिमेला जाई. या वाटेवरून यात्रेकरू गेले, भिक्षू गेले, व्यापारी गेले, आणि हातोडी-छिन्नी घेतलेले पाथरवटही गेले. मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्ये या यात्रामार्गांवरच्या मठांच्या आश्रयाने आकाराला आली, असे प्रतिपादन झोझेफ बेदिए या फ्रेंच पंडिताने पूर्वीच केले होते. तोच विचार पोर्टर यांनी शिल्पाला लावून पाहिला.

या वाटेवरची शिल्पे कशी आहेत? पिरिनीजच्या पायथ्याशी हाका नावाचे गाव आहे. तेथील कॅथीड्रलच्या पश्चिम दारावर मध्यभागी चक्राच्या आकाराचे ख्रिस्तचिन्ह आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सिंह. एका सिंहाच्या पायांखाली हातात साप धरलेला माणूस आडवा पडला आहे. सिंह त्याला इजा करीत नाही. दुसरा सिंह अस्वलाला आणि एका विषारी काल्पनिक प्राण्याला तुडवितो आहे. शेजारीच कोरलेल्या लॅटिन ओळींत अर्थ दिला आहे : शरण आलेल्याला अभय देणारा आणि मृत्यूची सत्ता चिरडणारा असा हा सिंह म्हणजे ख्रिस्तच. मध्ययुगातील प्राणिकथांत सिंहाचा छावा मृतावस्थेत जन्मतो आणि तिसऱ्या दिवशी पिता त्याला जिवंत करतो, असे सांगितलेले असे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाशी त्याची सांगड घालणे भाविकांना कठीण नव्हते.

पण सिंह दिसला की ख्रिस्त, असा कोश हाती घेऊन निघालेला अभ्यासक पुढच्याच गावी फसतो. अन्यत्र सॅमसन सिंहाचा जबडा फाडताना दिसतो; तेथे सिंह म्हणजे पापाची, सैतानाची शक्ती. फ्रोमिस्ता येथील सान मार्तिन या चर्चच्या छपराखाली तीनशेहून अधिक कोरीव टेकू आहेत आणि त्यांवर माणसांची, पशूंची व विचित्र प्राण्यांची नुसती जत्रा भरली आहे. रोमनेस्क शिल्पात गळ्यात पैशांची थैली अडकवलेला कंजूष लोभाची निंदा करतो, सर्पांनी दंश केलेली स्त्री वासनेची शिक्षा दाखविते, हे आपण ओळखू शकतो. पण प्रत्येक ससा, प्रत्येक कसरतपटू काही शिकवण देतो आहे की पाथरवटाने हौसेने कोरला आहे, हे सांगणे अवघड असते. चिन्हाचा अर्थ चिन्हात एकट्यात नसतो. ते कोणत्या दारावर आहे, त्याच्या शेजारी काय आहे, ते कोणासाठी आणि केव्हा कोरले, यांवर तो अवलंबून असतो. म्हणूनच सनावळी महत्त्वाची ठरते.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणावा असे स्थान यात्रामार्गाच्या थोडे दक्षिणेला, बुर्गोस प्रांतातील एका लहानशा गावात आहे. ते म्हणजे सान्तो दोमिंगो दे सिलोस हा मठ. तेथे चौकोनी अंगणाभोवती दुहेरी स्तंभांच्या ओवऱ्या आहेत. खालच्या ओवऱ्यांतील स्तंभशीर्षांवर माना एकमेकींत गुंतवलेले पक्षी, स्त्रीमुखी विहंग आणि वेलींच्या जाळ्यात अडकलेले प्राणी इतक्या नाजूक हाताने कोरलेले आहेत की हस्तिदंती कोरीवकामाची आठवण व्हावी. स्पेनमधील अरबी कलेचा संस्कार त्यात स्पष्ट दिसतो. कोपऱ्यांच्या खांबांवर ख्रिस्तचरित्रातील प्रसंगांचे मोठे शिलापट आहेत. एका पटावर ख्रिस्ताच्या जखमेला बोट लावून खात्री करणारा थॉमस आणि तीन ओळींत दाटीने उभे असलेले शिष्य आहेत. दुसऱ्यावर पुनरुत्थानानंतर एम्माऊस गावाच्या वाटेवर शिष्यांना भेटलेला ख्रिस्त आहे. त्याच्या झोळीवर सान्तियागोच्या यात्रेकरूंची खूण असलेला शिंपला कोरला आहे. देवच यात्रेकरू होऊन वाटेला लागला आहे! यात्रेच्या त्या युगाचा भाव याहून थोडक्यात सांगता आला नसता.

हे शिल्प कोणत्या काळातले? एमील माल हे फ्रेंच धार्मिक कलेचे थोर अभ्यासक. बाराव्या शतकातील फ्रान्सच्या धार्मिक कलेवरील त्यांचा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला होता. रोमनेस्क शिल्पाचा उगम फ्रान्समध्ये, विशेषतः तुलूझच्या परिसरात झाला आणि तेथून ते स्पेनमध्ये गेले, अशी त्यांची व त्यांच्या पक्षाची धारणा होती. मग सिलोसची शिल्पे साहजिकच उशिराची, बाराव्या शतकात बरीच पुढची ठरत. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, यात्रामार्गांवरील रोमनेस्क शिल्पांविषयीचा पोर्टर यांचा दहा खंडांचा ग्रंथ बाहेर पडला. त्यातला एक खंड मजकुराचा आणि नऊ खंड छायाचित्रांचे. दीड हजारांहून अधिक छायाचित्रे! त्यात पोर्टर यांनी दाखवून दिले की सिलोसचे मठाधिपती संत दोमिंगो १०७३ साली वारले, प्रथम या ओवऱ्यांतच त्यांचे दफन झाले, आणि १०७६ मध्ये त्यांचे अवशेष चर्चमध्ये हलविण्यात आले. त्यांचा मृत्युलेख मात्र ओवरीतील एका स्तंभशीर्षाच्या माथ्यावरील शिळेवर कोरलेला आहे. तेव्हा हे स्तंभ त्याच सुमाराचे असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तसे असेल तर सिलोसला तुलूझचे शिष्य म्हणता येत नव्हते.

वरवर पाहता हा तारखांचा हिशेब. पण त्यामागे केवढा मोठा प्रश्न होता! संस्कृती राजधान्यांतून निघते आणि खेडी ती उसनी घेतात, मोठे राष्ट्र देते आणि लहान राष्ट्र घेते, हे गृहीतच पोर्टर यांनी हलविले होते. रस्त्याला दोन टोके असतात आणि त्यावरून माणसे दोन्ही दिशांनी चालतात, ही साधी गोष्ट त्यांनी पंडितांना आठवून दिली. शिल्पाचे एक घर फ्रान्स नाही की स्पेनही नाही. रस्ता हेच त्याचे घर. फ्रान्समध्ये या मतावर कडक टीका झाली. कोरीव अक्षरांच्या वळणावरून तो मृत्युलेखच नंतरचा आहे, असा आक्षेप घेण्यात आला. उलट मान्वेल गोमेथ-मोरेनो यांच्यासारख्या स्पॅनिश विद्वानांना आपल्या मातीतील कलेच्या प्राचीनतेला बळ मिळाल्यासारखे वाटले.

पोर्टर यांचे सगळेच निष्कर्ष टिकले, असे मात्र नाही. हाका येथील कॅथीड्रलसाठी त्यांनी १०६३ चा ज्या दस्तऐवजाचा आधार घेतला, त्याच्या विश्वसनीयतेविषयी नंतरच्या संशोधकांनी गंभीर शंका उपस्थित केल्या आणि ती वास्तू अकराव्या शतकाच्या अखेरीकडे सरकली. सिलोसच्या तारखेविषयी तर मतभेद अजून मिटलेले नाहीत. १९३९ साली मेयर शापिरो या अमेरिकन अभ्यासकाने सिलोसवर लिहिताना प्रश्नाचे रूपच पालटले. कोण आधी, कोण नंतर, एवढ्यावर न थांबता त्या मठात जुनी स्थानिक कला आणि नवी रोमनेस्क कला शेजारी शेजारी का नांदत होत्या, समाजात कोणते बदल घडत होते, हे त्यांनी विचारले. परंतु असा प्रश्न विचारण्यासाठी आधी ती शिल्पे अभ्यासकांच्या टेबलावर यावी लागतात. ते काम पोर्टर यांच्या नऊ खंडांनी केले. ज्यांना त्यांचे मत अमान्य होते, त्यांनासुद्धा ते खोडून काढण्यासाठी पोर्टर यांचीच छायाचित्रे उपयोगी पडली. संशोधकाच्या प्रामाणिकपणाचा याहून मोठा पुरावा कोणता?

१९२० च्या सुमारास पोर्टर हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. १९२८ साली त्यांचा स्पॅनिश रोमनेस्क शिल्पावरील द्विखंडात्मक ग्रंथ निघाला. केनेथ कोनंट आणि वॉल्टर मुइर व्हाइटहिल हे तरुणही हार्वर्डचेच. पैकी पहिल्याने सान्तियागोच्या कॅथीड्रलचा, तर दुसऱ्याने अकराव्या शतकातील स्पॅनिश वास्तूंचा अभ्यास मान्यतेला नेला.

याच काळातील एक हकिकत मला पोर्टर यांच्या ग्रंथांइतकीच मोलाची वाटते. यात्रामार्गावरील साहागून येथे एकेकाळी मोठा बेनेडिक्टाइन मठ होता. १०९३ साली वारलेल्या आल्फोन्सो आन्सूरेस या सरदारपुत्राच्या थडग्यावरची शिळा तेथे होती. देवदूत, सुवार्तालेखक आणि परमेश्वराचा हात यांच्या सान्निध्यात हा तरुण परलोकाकडे निघाला आहे, असे दृश्य तिच्यावर कोरलेले असून आकृत्यांची नावेही लिहिलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात मठ उद्ध्वस्त झाला आणि १९२६ साली ही शिळा अटलांटिक ओलांडून हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयात दाखल झाली. निश्चित तारखेची शिळा म्हणजे पोर्टर यांच्यासारख्या अभ्यासकाला खजिनाच. ती आपल्याच विद्यापीठात असावी, असा मोह कुणालाही झाला असता. परंतु १९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर ही शिळा मायदेशी परत गेली. बदल्यात स्पेनच्या प्रजासत्ताकाने फॉग संग्रहालयाला सान्तियागोतील एका मठाचा, संतांच्या आकृती असलेला स्तंभ दिला. संग्रहालयाच्या नोंदीत ही देणगी पोर्टर यांच्या मार्फत मिळाल्याचे म्हटले आहे. ते वर्ष होते १९३३. ती शिळा आज माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. साहागूनच्या तिच्या मूळ जागी नव्हे, हे खरे. तरी दगडाला त्याच्या जागेपासून तोडले की त्याचा अर्थही तुटतो, हे आयुष्यभर ज्याने ग्रंथांतून सिद्ध केले, त्याचा एका दगडाच्या परतीला हातभार लागला, हे लहानसहान समाधान नव्हे.

तोपर्यंत पोर्टर यांचे लक्ष आणखी एका दूरच्या मुलखाने वेधून घेतले होते. तो मुलूख म्हणजे आयर्लंड. १९२९ साली त्यांनी तेथील डोनेगल परगण्यात ग्लेनवे नावाचा किल्लेवजा वाडा विकत घेतला. जॉर्ज रसेल या आयरिश कवीशी त्यांचा स्नेह जुळला. आयर्लंडमधील उंच कोरीव क्रुसांवरचा त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. युरोपच्या काठावरच्या, दुर्लक्षित मानलेल्या प्रदेशांना कलेच्या इतिहासात त्यांचे स्थान मिळवून द्यावे, ही तळमळ येथेही कायम होती.

मात्र वरून भरलेल्या दिसणाऱ्या या आयुष्याच्या आत मोठी घालमेल चालू होती. पोर्टर यांना स्वतःमधील समलिंगी आकर्षणाची जाणीव होती आणि त्या काळच्या समाजात, विशेषतः विद्यापीठाच्या वर्तुळात, ते उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. लूसीबाईंना त्यांनी हे सांगितले होते, आणि त्या शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिल्या. शतकांपूर्वीच्या पाथरवटांना समजून घेणाऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा काळ समजून घेऊ शकला नाही.

डोनेगलच्या किनाऱ्याजवळ इनिशबोफिन नावाचे लहानसे बेट आहे. तेथे या दांपत्याची एक साधी झोपडी होती. ८ जुलै १९३३ रोजी सकाळी पोर्टर फिरायला म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. लूसीबाईंनी बेट धुंडाळले, शोध घेतला गेला. देह सापडला नाही. चौकशीअंती अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. वयाला पन्नास वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. त्या सकाळी नेमके काय घडले याविषयी तेव्हापासून अनेक तर्क झाले. समुद्राने मात्र काही सांगितले नाही. लूसीबाई त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगल्या. ग्लेनवेचा वाडा पुढे हार्वर्डच्याच एका माजी विद्यार्थ्याने विकत घेतला आणि आज तो परिसर आयर्लंडचे एक राष्ट्रीय उद्यान आहे.

ज्या माणसाने मृत्युलेख वाचून, थडग्यांच्या तारखा पडताळून एका विस्मृत कलेचा इतिहास उभा केला, त्याला स्वतःला मात्र थडगे लाभले नाही. तरीही सिलोसच्या ओवऱ्यांत आज कुणी अभ्यासक उभा राहिला, झोळीवर शिंपला लावलेल्या त्या यात्रेकरू ख्रिस्ताकडे पाहू लागला, की हे कधीचे आणि कुठून आले, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतोच. तो प्रश्न तेथे ठेवून जाणारा माणूस पोर्टर. मित्रहो, पुढच्या वेळी सनावळ्यांचा कंटाळा आला, की त्याची थोडी आठवण करू या. तारीख ही केवळ पाठ करण्याची गोष्ट नसते. कोणी कोणाला काय दिले, याचा न्याय तिच्यात दडलेला असतो.